मालक अब्जाधीश, पगार सरकारी : श्रीमंत फुटबॉल क्लब आणि फर्लोची गोष्ट

४ एप्रिल २०२०, शनिवार. टाळेबंदीचा दुसरा आठवडा चालू होता. दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता दिवे लावायचे होते, त्यामुळे घरात माळ्यावरच्या पणत्यांची शोधाशोध चालली होती. आमच्या लिव्हरपूलवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र वेगळंच रडगाणं होतं. प्रीमियर लीग ही इंग्लंडची अव्वल फुटबॉल स्पर्धा बंद पडली तेव्हा लिव्हरपूल २५ गुणांनी पुढे होतं. तीस वर्षांनी विजेतेपद हाताशी आलं आणि तेवढ्यात हा विषाणू आला.

संध्याकाळी बातमी आली : लिव्हरपूल क्लब आपल्या सुमारे २०० कर्मचाऱ्यांना ‘फर्लो’वर पाठवणार. म्हणजे त्यांच्या पगाराचा मोठा वाटा ब्रिटिश सरकार भरणार.

ग्रुपवर एका हॉटेलात काम करणारा मित्र आहे, त्याचा पगार त्याच महिन्यात अर्ध्यावर आला होता. त्याने लिहिलं, “चांगलं केलं की. माणसांना पगार तर मिळेल.” दुसरा तडकलाच : “लाज वाटायला पाहिजे क्लबला!” दोघांनी वाचलेली बातमी एकच होती. मग रात्री एक वाजेपर्यंत जुंपली.

त्या भांडणात दोघांचं थोडं थोडं बरोबर होतं, असं मला आज वाटतं. श्रीमंत संस्थेने संकटात सरकारी मदत घेतली की हाच वाद नव्याने पेटतो, मग ती संस्था फुटबॉल क्लब असो की आणखी काही. म्हणून हे प्रकरण मुळापासून बघू.

फर्लो म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे ‘फर्लो’ म्हटलं की येरवड्याचा कैदी आठवतो. अमुक कैदी फर्लोवर सुटला, अशा बातम्या आपण वाचत आलो आहोत. मूळ अर्थ रजा एवढाच. २०२०च्या ब्रिटनमध्ये हा शब्द घरोघरी पोचला तो वेगळ्या कारणाने.

२० मार्च २०२० रोजी तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी एक योजना जाहीर केली. सांगायला अगदी सोपी होती. तुमचा धंदा कोविडमुळे बसला आहे, माणसांना काम नाही. त्यांना काढून टाकू नका, घरी बसवा. त्यांच्या पगाराचा ८० टक्के भाग, माणशी महिन्याला कमाल २,५०० पौंडांपर्यंत, सरकार देईल. उरलेले २० टक्के द्यायचे की नाही, ते मालकाने ठरवावं. तेव्हाच्या भावाने २,५०० पौंड म्हणजे सव्वादोन लाख रुपयांच्या थोडं वर.

अट एक होती : फर्लोवरच्या माणसाने त्या मालकाचं कसलंही काम करायचं नाही. एक ईमेलसुद्धा पाठवायची नाही. अर्धवेळ काम आणि अर्धवेळ फर्लो ही सवलत १ जुलैनंतर आली.

योजना तीन महिन्यांसाठी म्हणून निघाली आणि लांबत लांबत ३० सप्टेंबर २०२१ला संपली. या काळात सुमारे १ कोटी १७ लाख नोकऱ्यांचा पगार तिच्यातून गेला आणि सरकारी तिजोरीतून जवळपास ७० अब्ज पौंड खर्च झाले. लोकांच्या डोळ्यांसमोर होते ते पबमधले वेटर, केशकर्तनालयातल्या मुली, नाट्यगृहातले तंत्रज्ञ. अर्ज करणाऱ्यांत प्रीमियर लीगचे क्लब असतील, असं कोणाच्या मनातही नव्हतं.

क्लबांनी काय केलं?

१३ मार्चला लीग थांबली. महिनाअखेरीस न्यूकॅसल युनायटेडने पहिला नंबर लावला. मालक माइक ॲशली, स्पोर्ट्स डायरेक्ट या दुकानांच्या साखळीतून अब्जाधीश झालेले. त्याच आठवड्यात ‘आमची दुकानं अत्यावश्यक सेवेत मोडतात’ असा आग्रह धरल्याबद्दल त्यांना जाहीर माफी मागावी लागली होती. त्यामुळे टीका करायला लोक तयारच बसले होते.

मग टॉटनहॅम. तिथे तर योगायोगाने कमालच केली. ३१ मार्चला अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांनी जाहीर केलं की खेळाडू सोडून बाकी सर्व ५५० जणांच्या पगारात २० टक्के कपात होईल आणि जिथे जमेल तिथे फर्लो योजना वापरली जाईल. त्याच दिवशी क्लबचे २०१८-१९चे हिशेब बाहेर आले. त्या वर्षी लेव्ही यांना ७० लाख पौंड मिळाले होते आणि त्यातले ३० लाख नवं स्टेडियम पूर्ण केल्याचा बोनस होता. हे स्टेडियम ठरल्यापेक्षा बरंच उशिरा उभं राहिलं, हे इंग्लंडमधला शेंबडा पोरही सांगेल. क्लबचे तेव्हाचे मुख्य मालक जो लुईस बहामात राहणारे अब्जाधीश.

बोर्नमथ आणि नॉर्विच हे छोटे क्लबही या रांगेत आले. शेवटी ४ एप्रिलला लिव्हरपूल आलं आणि वाद खऱ्या अर्थाने पेटला. आपण नुसता क्लब नसून एक कुटुंब आहोत, असं सांगणारा हा क्लब. ‘तू कधीच एकटा चालणार नाहीस’ हे त्याचं ब्रीद, मैदानाच्या लोखंडी कमानीवर कोरलेलं. शहरही कष्टकऱ्यांचं, गोदी कामगारांचं. जुने खेळाडू बोलले, चाहत्यांच्या संघटनांनी जाब विचारला. ६ एप्रिलला मुख्य कार्यकारी अधिकारी पीटर मूर यांनी पत्र काढून चाहत्यांची माफी मागितली : आम्ही चुकीच्या निष्कर्षाला पोचलो, फर्लोसाठी अर्ज करणार नाही. दोन दिवसांत कारभार उलटा फिरला. १३ तारखेला टॉटनहॅमने आणि १४ला बोर्नमथने तेच केलं. न्यूकॅसल आणि नॉर्विच मात्र मागे हटले नाहीत.

एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. अर्ज घेणारं सरकारी पोर्टल उघडलंच २० एप्रिलला. म्हणजे माघार घेणाऱ्या तिन्ही क्लबांच्या हातात तोवर एक पैसाही पडला नव्हता. बदनामी मात्र पदरी पडली, तीही रोख.

आठ तासांची कमाई

आता लिव्हरपूलपुरता हिशेब मांडू. तो कागदावर मांडल्याशिवाय या वादातली खरी गंमत कळत नाही.

२०० माणसं, प्रत्येकी जास्तीत जास्त २,५०० पौंड. महिन्याला सरकारकडून मिळाले असते जास्तीत जास्त ५ लाख पौंड. मालकाने भरायच्या विम्याचे आणि पेन्शनचे थोडे वर धरा.

२०१८-१९ या वर्षी क्लबची एकूण कमाई होती ५३ कोटी ३० लाख पौंड. भागाकार केला तर दिवसाला साधारण साडेचौदा लाख. म्हणजे ज्या ५ लाखांसाठी एवढं रामायण झालं, ती क्लबची जेमतेम आठ तासांची कमाई. एका पाळीची म्हणा ना!

पगारांकडे बघा. त्या वर्षी क्लबने सगळ्यांच्या पगारावर मिळून सुमारे ३१ कोटी पौंड खर्च केले, म्हणजे महिन्याला अडीच कोटींच्या वर. त्यात फर्लोमधून वाचणार होते शंभरातले दोन. आणि करपूर्व नफा होता ४ कोटी २० लाख पौंड.

‘कमाई कोविडच्या आधीची आहे, त्याचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे पुढे येतो. पण कुणाला वाचवायला सरकारने धावावं अशा अवस्थेत हा क्लब एप्रिल २०२०मध्ये नव्हता, एवढं या आकड्यांवरून दिसतं.

मग हा पैसा जातो कोणाच्या खिशात?

इथे थोडं थांबू, कारण माझ्या हॉटेलवाल्या मित्राचा मुद्दा इथेच निसटला होता.

टाळेबंदीत आपल्या इमारतींमध्ये घरकामाला येणाऱ्या मावशींचं येणं बंद झालं. समजा, सरकारने सांगितलं असतं की मावशींना काढू नका, त्यांच्या ३,००० रुपयांतले २,४०० आम्ही देतो. एकाच मजल्यावर दोन घरं आहेत. पहिल्या घरात नवऱ्याची नोकरी गेली आहे. मदत मिळाली नसती तर त्यांनी नाइलाजाने मावशींना ‘आता येऊ नका’ सांगितलं असतं. दुसऱ्या घरात दोघांचेही पगार चालू आहेत, घरूनच काम चाललं आहे. मदत असो-नसो, त्या घराने मावशींना ३,००० दिलेच असते.

दोन्ही घरांनी अर्ज केला. मावशींच्या हातात दोन्हीकडून तेवढेच पैसे आले. वरवर बघता दोन्हीकडे मावशींचं भलं झालं. पण पहिल्या घरात सरकारचे २,४०० रुपये मावशींना पोचले, आणि दुसऱ्या घरात ते २,४०० घरमालकाच्या बँक खात्यात शिल्लक राहिले. मावशींना त्या घरातून काहीही जास्तीचं मिळालं नाही.

अर्थशास्त्रात अशा मदतीला ‘डेडवेट’ म्हणतात, म्हणजे जे मदतीशिवायही घडलंच असतं त्यासाठी दिलेला पैसा. हा शब्द इथेच सोडून देऊ. प्रश्न तेवढा लक्षात ठेवायचा : *ही मदत मिळाली नसती तर काय झालं असतं?*

लिव्हरपूलच्या तिकीट खिडकीवरच्या किंवा क्लबच्या दुकानातल्या माणसाला फर्लो नसता तर काढून टाकलं असतं का? दोन दिवसांत निर्णय फिरवून क्लबनेच याचं उत्तर देऊन टाकलं. फर्लोही नाही आणि कपातही नाही. म्हणजे ते ५ लाख कामगाराला मिळणारच नव्हते. त्याच्या नावाने ते क्लबच्या, पर्यायाने मालकाच्या खिशात जाणार होते.

‘पण लिव्हरपूल उरलेले २० टक्के स्वतः घालून पूर्ण पगार देणार होतं!’ हो, देणार होतं. ऐंशी सरकारचे, वीस आपले, आणि ‘आमच्या कुणाचाही पगार कापला जाणार नाही’ ही घोषणा क्लबच्या लेटरहेडवर. आयजीच्या जिवावर बायजी उदार, याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. आणि टॉटनहॅमच्या मूळ घोषणेत तर कर्मचाऱ्यांना स्वतःचे वीस टक्केही सोडायचे होते.

“पण ते नियमात बसत होतं ना?”

बसत होतं, शंभर टक्के. न्यूकॅसल किंवा नॉर्विचने कायदा मोडला असं कोणीही म्हणू शकत नाही.

हा फरक नीट समजून घेऊ. आपल्याकडे ‘लाडकी बहीण’च्या यादीत सरकारी नोकरी करणाऱ्या बायका सापडल्या तेव्हा गहजब झाला, पण तिथे पात्रतेच्या अटी होत्या आणि त्या मोडल्या गेल्या होत्या. फर्लोत मालकाच्या ऐपतीची अशी अटच नव्हती. क्लबचा नफा किती, मालकाची संपत्ती किती, शिल्लक किती, सरकारने काहीच विचारलं नाही.

का विचारलं नाही? घाई होती म्हणून. छाननी करायची तर वेळ लागतो, आणि तोवर मालकांनी लाखो माणसं काढली असती. पोर्टल उघडलं त्या एका दिवसात १ लाख ४० हजार मालकांनी अर्ज केले. प्रत्येकाचा ताळेबंद तपासत बसलं असतं तर पहिला पगार दिवाळीला मिळाला असता. आग लागली की बंब आधी पाणी मारतो, घरपट्टी भरली आहे का हे विचारत नाही. योजनेची ही बाजू मला पूर्ण पटते.

भारत सरकारने त्याच मार्चमध्ये वेगळा रस्ता धरला. भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा १२ आणि कामगाराचा १२ असा २४ टक्के वाटा सरकार भरेल, पण फक्त जिथे १००पर्यंत कामगार आहेत आणि त्यातल्या ९० टक्क्यांचा पगार १५ हजारांच्या आत आहे, तिथेच. अट घातली म्हणून श्रीमंत कंपन्या आपोआप बाहेर राहिल्या. पण शंभरच्या वर एक माणूस असलेला बुडता कारखानाही बाहेर राहिला. अट घातली की गरजू सुटतात, काढली की धनदांडगे घुसतात. यातून सुटका कुठल्याच सरकारला सापडलेली नाही.

अट नसेल तेव्हा उरते ती लाज. स्वयंपाकाच्या गॅसची सबसिडी ‘ज्यांना परवडतं त्यांनी सोडा’ असं २०१५मध्ये आवाहन झालं तेव्हा एक कोटीहून जास्त कुटुंबांनी ती सोडली. त्यांना कायद्याने कुणी भाग पाडलं नव्हतं. लिव्हरपूलनेही माघार घेतली ती कायद्याच्या बडग्याने नव्हे. ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केट साखळीचंही तसंच झालं. सगळ्या दुकानांना स्थानिक करात सरसकट माफी मिळाली होती, आणि टेस्कोची दुकानं तर टाळेबंदीतही चालू होती. डिसेंबर २०२०मध्ये तिने माफीचे ५८ कोटी ५० लाख पौंड परत करायचं जाहीर केलं.

ज्याला लाज नाही त्याच्यावर मात्र या शस्त्राचा काही इलाज चालत नाही, ही त्याची मर्यादा.

“खेळाडूंचे पगार कापा की!”

हा सगळ्यांच्या तोंडावरचा तोडगा. २ एप्रिलला आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनीही पत्रकारांसमोर तेच सांगितलं : प्रीमियर लीगच्या फुटबॉलपटूंनी पगारकपात स्वीकारावी. दुसऱ्या दिवशी क्लबांनी ३० टक्के कपात किंवा तेवढा पगार पुढे ढकलण्याचा प्रस्ताव मांडला. खेळाडूंची संघटना म्हणाली, ३० टक्के कापलेत तर सरकारचंच २० कोटी पौंडांहून जास्त नुकसान होईल.

लोकांनी टर उडवली. पगार वाचवायला बघा कसा युक्तिवाद काढला! मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मग पेन्सिल घेऊन बसलो.

ब्रिटनमध्ये तेव्हा दीड लाख पौंडांवरच्या उत्पन्नावर ४५ टक्के प्राप्तिकर होता. राष्ट्रीय विमा या सरकारकडे जाणाऱ्या वर्गणीचे २ टक्के खेळाडू भरायचा, आणि वर १३.८ टक्के मालक भरायचा. मोठ्या खेळाडूचे १०० पौंड कापले तर :

खेळाडूच्या हातातले ५३ पौंड गेले. सरकारचे ४५, २ आणि १३.८ मिळून जवळपास ६१ पौंड बुडाले. आणि क्लबचे वाचले ११४.

म्हणजे कपातीतला मोठा तोटा खेळाडूला नसून सरकारला, आणि सगळा फायदा क्लबला. नफा झाला तर क्लब त्यावर १९ टक्के कर भरेल हे खरं, पण कोविडच्या वर्षात नफा होणार होता कुणाला? संघटनेचा दुसरा मुद्दा तर आपल्या मावशींच्या हिशेबासारखाच होता : ज्या क्लबकडे सगळ्यांना पगार द्यायला पैसा आहे, तिथे खेळाडूंनी आपल्या खिशातून कर्मचाऱ्यांचे पगार भरले तर भलं होतं ते फक्त भागधारकांचं.

खेळाडूंनी यातून स्वतःची वाट काढली. लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन याच्या पुढाकाराने ८ एप्रिलला ‘प्लेअर्स टुगेदर’ नावाचा निधी जाहीर झाला. पैसा क्लबला न देता सरळ ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांना. पोरं फुटबॉल खेळतात म्हणून हिशेबात कच्ची असतात, असं समजू नये.

स्पेनमध्ये चित्र वेगळं दिसलं. बार्सेलोनाच्या खेळाडूंनी आणीबाणीच्या काळापुरती ७० टक्के कपात मान्य केली आणि कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून वर आणखी वाटा उचलला. ३० मार्चला मेस्सीने ते स्वतः जाहीर केलं. जर्मनीत बायर्न आणि डॉर्टमुंडच्या खेळाडूंनीही २० टक्के सोडले. इंग्लंडमध्ये ते इतकं अवघड का गेलं, याचं एक कारण मला तरी अविश्वास हेच दिसतं : मालकाला सोडलेला पैसा मालकाकडेच राहणार, ही खात्री.

“क्लबकडे रोख होती कुठे?”

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो.

फुटबॉल क्लबची कमाई प्रचंड, पण ती दर महिन्याला पगारासारखी येत नाही. हंगामी तिकिटं उन्हाळ्यात विकली जातात, टीव्हीचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात, दुसऱ्या क्लबला विकलेल्या खेळाडूची किंमतही हप्त्यांत मिळते. आणि जावक? पगार. तो दर महिन्याला, न चुकता. ऊस कारखान्याला घातला, बिल चार महिन्यांनी येणार, पण तोडणी कामगारांचे पैसे आज द्यायचे, तशी ही गत. त्यात सामने बंद, म्हणजे तिकिटं नाहीत, आणि उरलेले ९२ सामने झालेच नाहीत तर टीव्हीवाले पैसे परत मागणार.

पगार थकवताही येत नाही. पगार ठरल्या वेळेत मिळाला नाही तर खेळाडू नोटीस देऊन करार मोडू शकतो. पाच कोटी पौंडांना घेतलेला खेळाडू फुकट शेजारच्या क्लबात जाईल. मालकांना घाम फुटण्यासारखीच परिस्थिती होती.

मोठी उलाढाल म्हणजे श्रीमंती नव्हे, हेही बार्सेलोनाने पुढे दाखवून दिलंच. २०१८-१९मध्ये जगातल्या कुठल्याही क्लबपेक्षा जास्त कमाई त्याची होती. दोन वर्षांनी कर्ज अब्ज युरोंच्या वर गेलं आणि ऑगस्ट २०२१मध्ये मेस्सीला सोडून द्यावं लागलं.

मग उपाय? रोख अडली असेल तर कर्ज घ्या. टॉटनहॅमने शेवटी तेच केलं. जून २०२०मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या कोविड योजनेतून त्यांनी साडेसतरा कोटी पौंड उचलले, व्याज अर्धा टक्का. जानेवारी २०२१मध्ये आर्सेनलने १२ कोटी घेतले. यावर फारशी बोंब झाली नाही आणि ते मला योग्यच वाटतं. सरकारी पैसा दोन्हीकडे आहे, पण फर्लो परत करायचा नसतो आणि कर्ज परत करायचं असतं. आज अडलेला आणि उद्या कमावणारा माणूस उसने मागतो, भीक मागत नाही.

अर्धा टक्का व्याजाने आपल्याला गृहकर्ज कोण देणार, हा प्रश्न मी सध्या गिळतो.

हिरवा डायनासोर

आता त्या ‘लाज वाटायला पाहिजे’वाल्या मित्रासाठी एक कडू गोळी.

आर्सेनलने फर्लोला हात लावला नाही. एप्रिलमध्ये खेळाडूंनी १२.५ टक्के कपात स्वीकारली. सगळ्यांनी पाठ थोपटली. १ ऑगस्टला संघाने एफए कप जिंकला आणि त्याच आठवड्यात क्लबने जाहीर केलं : ५५ जागा रद्द.

ऑक्टोबरमध्ये कळलं की गनरसॉरसच्या वेषातला माणूसही घरी जाणार आहे. गनरसॉरस म्हणजे आर्सेनलचा शुभंकर, सात फुटी हिरवा डायनासोर, कित्येक वर्षं मैदानावर लहान मुलांशी हात मिळवणारा. बातमी आली ५ ऑक्टोबरला. त्याच दिवशी खेळाडूंच्या खरेदीची मुदत संपत होती आणि आर्सेनलने थॉमस पार्टी या खेळाडूसाठी साडेचार कोटी पौंड मोजले. दुसऱ्या दिवशी मेसुत ओझिलने जाहीर केलं की मी या क्लबात असेपर्यंत त्या डायनासोरचा पगार मी देतो. एप्रिलमध्ये कपात नाकारणाऱ्या मोजक्या खेळाडूंपैकी हाच तो ओझिल. म्हणजे इथे चांगला कोण आणि वाईट कोण, हे ठरवायला बसलात तर संध्याकाळ होईल.

मुद्दा असा की फर्लो योजनेचा हेतूच मुळी नोकऱ्या टिकवण्याचा होता. क्लबने ती नाकारून शाबासकी मिळवली, पण ५५ नोकऱ्या गेल्याच. ‘सरकारी मदत घेतली का?’ या प्रश्नाला आर्सेनलचं उत्तर अगदी स्वच्छ होतं. ‘माणसं ठेवली का?’ हे तेव्हा कोणी विचारतच नव्हतं. माझ्या हॉटेलवाल्या मित्राने पहिल्याच रात्री तेवढंच विचारलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला गप्प केलं होतं.

सगळेच क्लब लिव्हरपूल नसतात

‘फुटबॉल क्लबांना मदत द्यायचीच कशाला’ असंही ऐकू येतं, तेही खरं नाही. प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब, तिच्याखाली आणखी ७२ व्यावसायिक क्लब, आणि त्यांच्याखाली गावोगावचे. तिथे तिकिटाचा पैसा आला तरच चूल पेटते. अशा काही क्लबांनी कर्मचाऱ्यांबरोबर खेळाडूंनाही फर्लोवर पाठवलं, आणि कोणी ब्र काढला नाही. काढायचं कारणही नव्हतं. मदत नसती तर काय झालं असतं, याचं तिथलं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे कोविडच्या आधीच, बरी हा जुना क्लब पैशांअभावी लीगमधून बाहेर फेकला गेला होता.

मँचेस्टरच्या दक्षिणेला मॅकल्सफील्ड नावाचं गाव आहे. एकेकाळी रेशमाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध. तिथला मॅकल्सफील्ड टाउन हा क्लब १८७४चा. त्याचं दुखणं कोविडच्या आधीचंच, खेळाडूंचे पगार २०१९मध्येही थकलेले होते. सप्टेंबर २०२०मध्ये लंडनच्या न्यायालयाने तो बंद करून दिवाळखोरीत काढण्याचा आदेश दिला. १४६ वर्षांचा क्लब ज्या देण्यांपायी संपला ती होती पाच लाख पौंडांच्या थोडी वर.

लिव्हरपूलच्या हिशेबाने, साधारण आठ तास.